बराकीतल्या अर्ध्या भिंती

माझं बालपण गोऱ्या सोजिरांच्या बराकीत गेलं असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की ही आता काहीतरी भारदस्त सांगणार. भारदस्त काही नव्हतं. काळ्या दगडाची एक लांबच लांब इमारत, पुढे कमानींचा व्हरांडा, वर कौलं, आणि आत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच एक खोली. पलटण होती तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना खाटा लागायच्या आणि भिंतीतल्या लोखंडी आकड्यांना बंदुका अडकवलेल्या असायच्या. पलटण गेली, इंग्रज गेले, आणि पुढे कधीतरी ती बराक पोलिसांच्या बायकापोरांना राहायला मिळाली. ज्या आकड्याला कुणा सोजिराची बंदूक असायची, त्याला आमच्या घरी दुधाची किटली आणि माझं दप्तर असायचं.

त्या एका खोलीची घरं करताना सरकारनं मधे भिंती घातल्या, त्या अर्ध्याच घातल्या. माणसाच्या डोक्यावर हातभर गेल्या आणि थांबल्या. विटा संपल्या की हुकूमच तसा होता, कोण जाणे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणायचे की वारं खेळावं म्हणून तसं केलंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात कौलं तापल्यावर वारं कुठलं खेळतंय. पण एका घरात मिरचीची फोडणी पडली की ओळीतली सगळी घरं शिंकायची.

आवाजाचं तर विचारूच नका. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाच्या पोरानं गणितात दिवे लावले, कोण उशीत तोंड खुपसून रडतंय, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. अशा जागी राहायचं तर नियम लागतात. ते बायकांनीच केले असणार, कारण पुरुष कायम ड्यूटीवर. पहिला नियम असा, की भिंतीवरून जे येईल ते ऐकलंच नाही असं धरायचं. लहानपणी मी एकदा नळावर ओळीतल्या एका काकूंना विचारलं, "काकू, काल तुम्ही का रडत होता?" नळावर एकदम सगळ्यांना आपापल्या घागरी महत्त्वाच्या वाटायला लागल्या. घरी आल्यावर आईनं पाठीत असा धपाटा घातला की आजही तो नियम मला पाठ आहे.

मग खरंच कुणाची गरज पडली तर? ओरडून उपयोग नव्हता, ओरडणं दिवसभर चालूच असायचं. त्यासाठी लाटणं होतं. लाटण्याच्या टोकानं मधल्या भिंतीवर वाजवायचं. पलीकडच्या बाईनं ऐकलं की तिनं तिच्या बाजूनं वाजवायचं. म्हणजे, ऐकलं, निघाले. उत्तर आलं की आपण वाजवणं थांबवायचं आणि वाट बघायची. उत्तर देऊन आली नाही अशी बाई त्या बराकीत झाली नाही. तव्यावर भाकरी असो, डोक्याला शिकेकाई असो, ती यायचीच. आणि कधी लाटणं चुकून भिंतीवर आपटलं आणि पलीकडची धावत आली, तर तिला तसंच परत पाठवायचं नाही. तिची धावपळ फुकट गेली असं वाटू नये म्हणून काहीतरी मागायचं. बहुतेक वेळा कढीपत्ता.

आमच्याकडे जेवणाला ज्वारीची भाकरी, हातावर थापलेली. चपाती सणावारी किंवा कुणी आजारी असलं तर. तरी लाटणं नेहमी मधल्या भिंतीजवळ, हात पुरेल असं टांगलेलं असायचं.

आमच्या पलीकडच्या घरात भाभी राहायची. तिचा नवरा पोलीस खात्यातच गाडी चालवायचा. आईची आणि तिची भाषा वेगळी, देव वेगळा, स्वयंपाक वेगळा, आणि भांडण मात्र नळावरचंच, सगळ्यांसारखं. चार दिवस बोलायच्या नाहीत, पण लाटणं वाजलं तर ते चार दिवस मोजायचे नाहीत, हेही ठरलेलंच होतं.

मला विंचू चावला तेव्हा त्या दोघींचं बोलणं बंद होतं. दगडांच्या फटीतून विंचू निघायचेच. अण्णा बंदोबस्ताला टेंभुर्णीला गेलेले. मी किंचाळले ते सगळ्या बराकीनं ऐकलं असेल आणि नियमाप्रमाणे कुणी ऐकलं नाही. आईनं एका हातानं माझा पाय दाबून धरला, दुसऱ्या हातानं लाटणं काढलं आणि भिंतीवर वाजवत सुटली. मग पलीकडून ठक ठक झालं. आईनं लाटणं खाली ठेवलं. भाभी अजून तिच्या घरातच होती, पण आईचा चेहरा सैल झाला, जणू माणूस दारात आलंच. वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी येत असताना मी तो चेहरा बघितला आणि मलाही वाटलं की आता आपण मरत नाही. भाभी एका बाजूला तेल लावलेलं डोकं तसंच घेऊन आली, मला कडेवर उचललं आणि सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत जवळपास पळतच गेली.

मोठी झाले तशी मला ती बराक नकोशी झाली. शिकले, शिक्षिका झाले, लग्नाचं जमता जमता राहून गेलं, आणि ते जे काही राहून गेलं त्याचं रडणंसुद्धा मला एकटीला रडता आलं नाही. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी ऐकलं नाही. ती न ऐकण्याची माया मला तेव्हा कळायची नाही, नुसता संताप यायचा. अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी जुळे सोलापूर भागात फ्लॅट बघितला. बिल्डरचा माणूस गॅलरी दाखवत होता, पाण्याची टाकी दाखवत होता. मी मान वर करून भिंती बघत होते. थेट स्लॅबपर्यंत गेलेल्या, कुठं बोट शिरेल एवढीही फट नाही. मला फार बरं वाटलं.

आईला बरं वाटलं नाही. सामान लावून झाल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "हितं शेजारी कोन हाय का न्हाय, तेच कळंना की."

"तेच तर हवं होतं," मी म्हटलं.

लाटण्यासाठी खिळा कुठं मारायचा हे मात्र तिनंच दाखवलं. ओट्याच्या बाजूला, शेजारच्या फ्लॅटला लागून असलेल्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला. मी म्हटलं, लाटणं ड्रॉवरमध्ये ठेवतात आता. म्हणाली, ठेवूदे की ज्यांना ठेवायचं त्यांना.

त्या भिंतीच्या पलीकडे एक तरुण जोडपं राहत होतं, पुढे त्यांना लेकरू झालं. घरात बोलणं तेलुगू, आमच्याशी मराठी. नवरा कारखान्यात, ती घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. तिचं मशीन आमच्या त्याच भिंतीला लागून होतं आणि चालू असलं की बारीक घरघर यायची. आईला ती घरघर आवडायची. काम करताना मधेच थांबून म्हणायची, "शिवतीया." घरघर थांबली की म्हणायची, "उठली वाटतं." शेजारणीकडं जाणं-येणं बेताचं, एखादी वाटी इकडून तिकडे, जिन्यात भेटलं की लेकराचा गालगुच्चा. तेवढ्या घरघरीवर आईनं नवीन घरातली वर्षं काढली.

अण्णांचं निराळं. त्यांचा पाय बराकीकडे वळायचा. आधी कुटुंबं होती तोवर चहाला जायचे, मग एकेक करून सगळी नव्या क्वार्टरमध्ये गेली, तरी हे बराकीजवळ सदर बझारात काही काम काढून तिथून चक्कर मारून यायचे. आल्यावर खबर द्यायचे. कौलं उतरवली. नवीन बसवली. मग एक दिवस सांगितलं की मधल्या भिंती पाडल्या. आता तिथं पोलिसांच्या मुलांसाठी अभ्यासिका होणार होती, एका टोकाला जप्तीचा माल ठेवायला कोठी, आणि दुसऱ्या टोकाला बायकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची खोली. हे शेवटचं ऐकून आई बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. म्हणाली, "तितं? तितं तर कुनी आयकत नव्हतं."

अभ्यासिका सुरू होण्याच्या कार्यक्रमाला जुन्या रहिवाशांना बोलावणं आलं. अण्णांनी आदल्या दिवशी दाढी करून घेतली, बूट पॉलिश केले. रविवार होता, मलाही सुट्टी. आई मात्र सकाळी म्हणाली, मी येत नाही.

"का?" अण्णांनी विचारलं.

"भिंती पाडल्यात म्हनं. मग काय बगायचं तितं?"

"माणसं येनार हायती सगळी. भाभी येनार हाय."

"भाभीला म्हनावं घरी ये. मी भाकरी करते. भिंती न्हाईत तितं मी येत न्हाय."

अण्णांचा स्वभाव हौशी, आणि हौशी माणसाचा विरस झाला की तो फार चिडतो. ते म्हणाले, "तुला कशाचाच आनंद न्हाय. बस मग एकटी." मी मधे पडले नाही. त्यांची अशी भांडणं मी अर्ध्या भिंतींच्या घरात लहानपणापासून ऐकत आले होते आणि संध्याकाळपर्यंत ती विरून जातात हे मला माहीत होतं.

बराकीत शिरल्यावर मला पहिल्यांदाच कळलं की ती किती मोठी आहे. आमच्या संसारांनी तिला लहान करून ठेवलं होतं. आता दोन टोकं नवीन भिंतींनी, पार वरपर्यंत, बंद केलेली. मधे टेबलांच्या रांगा, ट्यूबलाइट, आणि भरतीचा अभ्यास करणारी पोरंपोरी कार्यक्रमाच्या आधीच येऊन बसलेली. आकडे तसेच होते. त्यांना आता पोरांच्या बॅगा. अण्णा खालची शहाबादी फरशी बघत चालले होते. पाडलेल्या भिंतींच्या जागी सिमेंटचे पट्टे भरले होते, त्यावरून ते घरं ओळखत होते. एका पट्ट्यापाशी थांबले. "हे आपलं," ते म्हणाले. "हितं चूल. हितं तुझा पाळना. आनि हे बग, हितं भाभीचं सुरू." ते नेहमीच्या आवाजात बोलत होते, म्हणजे परेडच्या. समोरची एक मुलगी पुस्तकातून मान वर करून ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघायला लागली. अण्णा शरमले. आपल्याच घरात कुणी गप्प बसवलेला माणूस जसा दिसेल तसे ते दिसत होते. मला त्या मुलीचा राग आला आणि तिचं काही चुकलंही नव्हतं.

भाभी आली होती. नवरा गेल्यापासून ती लेकाकडे राहायची, गुडघ्यांनी थकलेली. तिनं मला जवळ घेतलं आणि पहिलं विचारलं, "माँ कू नहीं लायी?"

"नाही आली. तुम्हाला घरी बोलावलंय. भाकरी करणार आहे."

"रूठी क्या?"

"अण्णांवर."

भाभी हसली. "तो मैं आती. कार्यक्रम होने दे, आती तेरे साथ." ती आमच्याबरोबर रिक्षातून घरी आली. म्हणजे आम्ही दार उघडलं तेव्हा तीही होती.

आई स्वयंपाकघरात, त्या भिंतीपाशी जमिनीवर होती. पाठ भिंतीला टेकलेली, तोंड दाराकडे. परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलेलं, त्यावर पाणीही पडलं नव्हतं. तिचा फोन तिच्या मांडीशेजारी होता. आणि हातात लाटणं होतं. मी तिचा हात धरला, तेव्हा लाटणं काढून बाजूला ठेवलं, आणि भाकरीच्या पिठाला लाटणं कशाला हा प्रश्न मला पडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. डॉक्टरांनी असं बोलू नये. आणि बोलले नसते तर आम्ही विचारलंच असतं.

अण्णा रडले नाहीत. ते फोनकडे बघत राहिले. सगळे विधी होईपर्यंत त्यांनी एकच वाक्य धरलं होतं, आणि ते ज्याला त्याला विचारत होते. "फोन हाताशी व्हता. मला लावला का न्हाय?" लोक म्हणायचे, सुचलं नसेल, वेळच मिळाला नसेल. ते ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. मग एकदा फक्त माझ्याजवळ म्हणाले, "रागावली व्हती. मी म्हनलो बस एकटी. ती बसली."

दहाव्याच्या आधी एका दुपारी शेजारची ती मुलगी लेकराला घेऊन भेटायला आली. भाभी होती, रोजच येत होती त्या दिवसांत. अण्णा आतल्या खोलीत पडले होते. शेजारीण चांगली मुलगी. डोळ्यांत पाणी घेऊन बसली आणि कुणी काही बोलत नाही असं बघून, काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाली, "मावशी त्या दिवशी अगदी चांगल्या होत्या हो ताई. खिळा का काय ठोकत होत्या भिंतीत."

मी वर बघितलं. भाभीच्या हातात चहाचा कप होता, तो तिनं खाली ठेवला.

"ह्याला नुकतंच झोपवलं होतं," ती लेकराच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती. "उठेल म्हणून मी पण कात्रीनं इकडून वाजवलं. म्हणजे जरा हळू करा म्हणून. तर मावशी लगेच थांबल्या. किती समजूतदार होत्या."

भाभीनं हळूच विचारलं, "तुमने बजाया, तो रुक गयी?"

"हो, लगेच."

भाभीनं माझा हात धरला होता. तो तिनं इतका घट्ट दाबला की मला दुखलं, आणि मी सोडवून घेतला नाही. शेजारीण थोडा वेळ बसली, लेकरू कुरकुरायला लागल्यावर उठून गेली.

मी तिच्या मागोमाग उठले असते. काय बोलले असते माहीत नाही, पण बोलले असते. भाभीनं मला बसवलं. "नक्को," ती म्हणाली. "उसकू क्या मालूम. हमारीच आदत थी गे." मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, "वो समझी होगी, मैं आ रही."

त्यानंतर भाभी रडली. विंचू चावला तेव्हाचा आईचा चेहरा मला आठवला, उत्तर आल्यावर सैल झालेला. तो आठवू नये म्हणून मी खूप प्रयत्न केले. शाळेत फळ्यावर लिहिताना तो यायचा. आई इथं बसली होती, हाताशी फोन, गळ्यात आवाज, आणि तिनं ह्यातलं काही वापरलं नाही, कारण उत्तर आलं होतं. उत्तर आल्यावर वाट बघायची असते. तिनं दाराकडे तोंड करून वाट बघितली.

पलीकडच्या मशिनची घरघर मला सहन होईना. ती सुरू झाली की मी रेडिओ लावायची. जिन्यात शेजारीण दिसली की मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागायची. आपण अन्याय करतोय हे मला कळत होतं, पण राग यायचा तो यायचाच. ज्या भिंतीवर मी एवढी खूश होते तिच्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो माणसावर निघत होता.

आणि अण्णांना काही सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. ते दिवसेंदिवस गप्प होत चालले. बूट तसेच दाराशी पडलेले, सदर बझाराचं नाव नाही. सांगितलं तर रागाची बोच जाईल. पण मग ती वाट बघत बसली होती हे कळेल, आणि ते मी स्वतः कसं पेलतेय ते माझं मला माहीत. भाभीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मेरेकू नहीं समझता बेटा. तू देख."

एका दुपारी मी शाळेतून आले तर ते स्वयंपाकघरात आईच्या जागी, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. मला बघून म्हणाले, "फोन तसाच मांडीशी ठेवलाय. हात पुरतो. मी बसून बगितलं." आणि मग, "लई राग व्हता तिचा."

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. लाटणं, कात्री, झोपलेलं लेकरू. ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते.

"उत्तर आलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं."

"मग ती थांबली."

"हो."

त्यांनी पाठीमागच्या भिंतीवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे राग न्हवता."

"नव्हता अण्णा."

"वाट बगत व्हती." आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. एक उतरलं आणि त्या जागी दुसरं बसलं. पण ह्या दुसऱ्याखाली त्यांना निदान आईचं नाव घेता येत होतं. संध्याकाळी त्यांनी जेवताना सांगितलं, "त्या पोरीला काय बोलू नको. पन वाजवलं की यायचं असतं, येवढं सांगून ठेव. का, ते नको सांगू."

म्हणून मी गेले. बऱ्याच महिन्यांनी तिच्या दारात उभी राहिले. ती गडबडून उठली, शिवणाचं कापड बाजूला केलं. मी म्हटलं, मी शाळेत असते, अण्णा घरी एकटे असतात. आमच्याकडून भिंतीवर वाजलं तर तू तुझ्या बाजूनं वाजव आणि लगेच ये. आमच्या जुन्या घरी अशी पद्धत होती.

ती मान डोलवत होती. डोलवता डोलवता थांबली. मशिनवरची कात्री तिनं उचलली आणि पुन्हा ठेवली. "हो ताई," ती म्हणाली. "येईन." मी तिच्याकडे जास्त वेळ बघितलं नाही. तिला काय कळलं, किती कळलं, हे मी कधी विचारलं नाही. भिंतीवरून आलेलं ऐकलं नाही असं धरायचं असतं, तो नियम मला पाठ आहे.

परवाच्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. जेवणं झालेली. पलीकडे मशीन चालू होतं. आणि स्वयंपाकघरातून लाटणं वाजल्याचा आवाज आला. मी पेन टाकून उठले. मी तिथं पोचेपर्यंत घरघर थांबली होती आणि भिंतीतून उत्तर आलं, धातूचं, बारीक. अण्णा भिंतीसमोर धडधाकट उभे होते, लाटणं हातात. उत्तर आल्यावर त्यांनी वाजवणं थांबवलं.

"काय होतंय अण्णा?"

ते काही बोलायच्या आत दारावर थापा पडल्या. बेल दाबायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. मी दार उघडलं. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, पायात चप्पल नाही. ती मला ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली. "काय झालं काका?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं जन्मात फोडणीला हात लावला नाही, तो म्हणाला, "कढीपत्ता हाय का गं जरा?"

तिनं त्यांच्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले. "आहे काका," ती म्हणाली. गेली, कढीपत्त्याची काडी घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

अण्णा अजून दाराकडेच बघत होते.

"एवढ्यात आली की गं," ते म्हणाले.